बोरगावच्या धुऱ्यावरची शिंदी

निमाई हालदारचं पत्र आलं तेव्हा पांढुर्ण्यातली भादव्याची गोटमार जत्रा होऊन आठवडाही झाला नव्हता. आता मार्गशीर्ष अर्धा सरत आला, घरोघरी स्वेटरं निघाली, तरी गुणवंता कळंबे गुरुजींनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र त्यांना पाठ होतं. बैतूल जिल्ह्यातल्या बंगाली वसाहतीतून आलेलं, साध्या हिंदीत, शाळामास्तराच्या गोल अक्षरात. एकाहत्तरच्या लढाईत फरीदपूरकडचं गाव सोडून पळालेलं ते कुटुंब. आता तिथल्या शाळेत मास्तर असलेला निमाई तेव्हा कडेवरचं पोर होता. बाप गाछी, म्हणजे हिवाळ्यात शिंदीच्या झाडाला चीर देऊन रस उतरवणारा आणि त्या रसाचा गूळ करणारा. इकडे आल्यावर बापानं नाल्याकाठची रानटी झाडं हुडकून तोच उद्योग चालू ठेवला, पोराला शिकवला, आणि एक दिवस तो गेला. मग वसाहतीजवळची झाडंही एकेक करून संपली.

'आपला लेख वाचला,' निमाईनं लिहिलं होतं. 'बोरगावला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, शिंदीची रांगच्या रांग आहे असं आपण लिहिलंय. ती झाडं अजून उभी आहेत का? मालक एका हिवाळ्यापुरती देतील का? माझी आई एक्याऐंशीची आहे. माझा हात चालतो, पण रस कधी चुलीवर चढवायचा आणि गूळ कधी उतरवायचा हे तिच्या नाकालाच कळतं. ती आहे तोवर एकदा सगळं तिच्यासमोर करून घ्यायचं आहे. हो किंवा नाही, एवढंच कळवा.'

हो किंवा नाही. नेमकं तिथंच गुरुजींचं घोडं अडलं होतं.

लेख त्यांनी छिंदवाड्याच्या एका छोट्या हिंदी साप्ताहिकात लिहिला होता. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, पण ज्या छिंदीवरून, म्हणजे आपल्या शिंदीवरून, जुन्या जिल्ह्याला नाव पडलं म्हणतात ते झाड आता कुठं राहिलंय, असा विषय. शेवटी त्यांनी बोरगावच्या धुऱ्यावरच्या रांगेचं वर्णन केलं होतं. संध्याकाळी झाडांच्या सावल्या संत्र्याच्या बागेत कशा शिरतात वगैरे. लिहिताना ती झाडं डोळ्यांपुढे इतकी लख्ख उभी होती, की बसमध्ये बसून एकदा पाहून यावं असं गुरुजींना वाटलंच नाही. बोरगावच्या शाळेतून त्यांची बदली झाली तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यानंतर त्यांनी त्या धुऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

पत्र आलं आणि गुरुजींना पहिल्यांदाच शंका आली. झाडं नसली तर? सत्त्याहत्तराव्या वर्षी आपण छापील खोटं बोललो की काय? त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर 'आहेत' लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्यावर 'असावीत'. तिसऱ्यावर 'बहुधा असावीत' लिहून आपलं आपल्यालाच हसू आलं. मग पत्र शब्दकोशात ठेवून दिलं आणि शब्दकोश फळीवर.

तो शब्दकोश एका सकाळी गुरुजींच्या बायकोनं, सरलाबाईंनी, खाली काढला. वाचायला नव्हे. लोणच्याच्या फोडींवर वजन ठेवायला त्याच्याइतकं जड घरात दुसरं काही नव्हतं. पत्र त्यांच्या पायाशी पडलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचून काढलं.

"हे निमाई कोण?"

"बैतूलकडचे आहेत."

"भादव्यातलं पत्र आहे हे."

"हो."

"आणि आता कोणता महिना चालू आहे?"

गुरुजी पेपरात तोंड घालून बसले.

"अहो, त्या माणसानं विचारलं काय, तर झाडं आहेत का. याच्यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे? तुम्ही काय निबंध लिहून राहिले होते?"

"मी पाहिलेली नाहीत, सरला. म्हणजे आता पाहिलेली नाहीत. नसली तर?"

"नसली तर नाही म्हणून लिहायचं. ती म्हातारी वाट पाहून राहिली असेल." असं म्हणत त्यांनी पत्राच्या तळाशी असलेला फोन नंबर लावलासुद्धा. गुरुजी हात हलवून नको नको म्हणत होते, तोवर पलीकडून 'हॅलो' आलं.

सरलाबाईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकून गुरुजींच्या पुढ्यात धरला. गुरुजींनी नाव सांगितलं. मग निमाई म्हणाला, "गुरुजी, आप ज़िंदा हैं?"

"हाँ," गुरुजी म्हणाले.

"माँ कहती थी, जो आदमी पेड़ के बारे में इतना अच्छा लिखता है वो जवाब ज़रूर देगा. नहीं दिया मतलब गुज़र गया होगा."

सरलाबाईंनी पदरानं तोंड दाबलं. निमाई मात्र कामाचं बोलू लागला. झाडाचा शेंडा आधी एका बाजूनं तासावा लागतो. तासलेली जागा काही दिवस उन्हात वाळू द्यावी लागते, मगच तिथं चीर देऊन मडकं बांधता येतं. त्यांच्याकडे पौष संक्रांतीला नव्या गुळाचे पीठे, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड पक्वान्नं, करतात आणि तो सण आईला गाठायचा होता. भादव्यात कळलं असतं तर निवांत झालं असतं. आता या आठवड्यात झाडं तासली तरच संक्रांतीशी जेमतेम गाठ पडणार होती.

"पेड़ हैं ना, गुरुजी?"

"कल देखके बताते हैं," सरलाबाईंनीच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पांढुर्ण्याहून सौंसरमार्गे बोरगावला जाणाऱ्या बसमध्ये बसली. गुरुजींना खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर पाहायचा धीर होईना. रस्ता रुंद झाला होता, ओळखीची झाडं गेली होती, बोरगावच्या अलीकडे तर कारखान्यांच्या भिंतीच भिंती. प्रत्येक भिंतीसरशी गुरुजी मनातल्या मनात माफीचं पत्र लिहीत होते. गावात उतरून शाळेमागची पांदण धरली, तेव्हा ते पत्र सहीपर्यंत आलं होतं.

पांदण वळली. संत्र्याची बाग लागली. बागेपलीकडे, नाल्याच्या अंगाला, काटेरी झिपऱ्या उडवत शिंदी उभी होती. एक, तिच्यामागे दुसरी, मग बुटकी एक, मग तीन-चार एकत्र, थेट नाल्याच्या वळणापर्यंत.

गुरुजी पळत सुटले. चपलेत ढेकूळ शिरलं तरी थांबले नाहीत.

"अहो, पडाल," सरलाबाई मागून ओरडल्या. "झाडं कुठी पळून नाही चालली."

गुरुजींनी पहिल्या झाडाच्या खोडाला हात लावला. खरखरीत, खरं. लेखात 'रांगच्या रांग' लिहिलं होतं आणि रांगच्या रांग होती. त्यांना वाटलं, आत्ता कोणी हातात कागद द्यावा.

"कोण होय रे थे? झाडापाशी कोण हाय?"

बागेतून एक धिप्पाड म्हातारा काठी घेऊन आला. जवळ आला आणि काठी खाली केली. "आता माय. कळंबे गुरुजी?"

तो भिवाजी. या शेताचा मालक, आणि गुरुजींच्या अगदी पहिल्या वर्गातला विद्यार्थी. त्याच्याही मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या.

"वळखलं का मले? भिवाजी. मांगच्या बाकावरचा. तुमी मले एकदाही मारलं नाई, म्हणून मले गणित आलं नाई." त्यानं गुरुजींना वाकून नमस्कार केला, बाजेवर बसवलं, संत्री सोलून पुढं ठेवली. "बोला. आज शेतात कसं येणं केलं?"

गुरुजींनी बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. लढाई, वसाहत, गाछी, एक्याऐंशी वर्षांची आई. पण तोंड उघडल्यावर मधलं सगळं गळालं आणि निघालं ते एवढंच, "भिवाजी, या शिंदीला मडकी बांधायची होती."

भिवाजीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. त्यानं सरलाबाईंकडे पाहिलं, जणू विचारत होता, केव्हापासून?

"त्यांच्यासाठी नाही, भाऊ," सरलाबाई घाईनं म्हणाल्या आणि मधलं सगळं त्यांनी सांगितलं.

भिवाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग सदऱ्याच्या आतली तुळशीची माळ बोटानं बाहेर काढली. "गुरुजी, तुमाले नाई म्हणाची मायी हिंमत नाई. पण हे पाहा. आमी माळकरी. माया काका याच झाडाचं पेऊन पेऊन मेला. त्या दिवशी माया बापानं सांगतलं, आपल्या धुऱ्यावरच्या शिंदीले पुन्हा मडकं लागणार नाई. लोकायनं आपापल्या शिंद्या तोडून टाकल्या. आमी तोडली नाई, अन् कोणाले हातबी लावू देला नाई. म्हणून तं उभी हाय."

"पण ते दारू काढत नाहीत. गूळ करतात."

"शिंदीचा गूळ?" भिवाजी हसला. "गुरुजी, तुमी पुस्तकं लय वाचता."

खरं म्हणजे शिंदीचा गूळ गुरुजींनीही कधी पाहिलेला नव्हता. झाडं उभी होती ती ज्या शपथेमुळे, तीच शपथ आता आडवी आली होती. तेवढ्यात सरलाबाईंचा फोन वाजला. निमाई होता. मागे गाडीचा खडखडाट. आईला कालपासून दम निघत नव्हता, पहाटेच गाठोडं बांधून बसली, म्हणून ती दोघं गाडीत बसली होती आणि दुपारपर्यंत पांढुर्ण्याला पोचत होती.

"पेड़ हैं ना?" त्यानं विचारलं.

"पेड़ तो हैं," गुरुजी म्हणाले आणि पुढचं गिळलं.

भिवाजीनं ऐकलं होतं. "पाहुणे येऊन राहिले तं येऊ द्या," तो म्हणाला. "उद्या इथी घेऊन या. चहा पाजतो. मडक्याचं बोलू नका बस."

त्या रात्री पाहुण्यांशी खरं बोलायचा गुरुजींनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा म्हातारी त्यांच्याकडे पाहून अशी हसली, की ते पाणी आणायला उठून गेले. पारुलबाला नाव तिचं. पांढरं लुगडं, चिमणीएवढा जीव, आणि मांडीवरून न हलणारं एक गाठोडं. शेवटी गुरुजींनी निमाईला अंगणात गाठून सांगितलं. निमाईनं दारातून आत आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "माँ को मत बताइए. देख तो लेगी."

सकाळी धुऱ्यावर पोचल्यावर म्हातारीनं भिवाजीकडे पाहिलंही नाही. ती सरळ झाडांकडे गेली. पहिल्या झाडाला हात लावून काही पुटपुटली, मग दुसऱ्याला, मग बुटक्याला. एका तिरप्या झाडापाशी थांबून तिनं मान हलवली आणि निमाईला बंगालीत काही सांगितलं. "बोलती है, इसे मत काटना, ये अभी बच्चा है," निमाईनं सांगितलं. सगळी रांग फिरून ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. तिनं डोईवरचा पदर सारखा केला, आणि भिवाजीला तिच्या गळ्यात काहीतरी दिसलं. बारीक मण्यांचे तीन पदर, गळ्याला अगदी लागून.

भिवाजी पुढं आला. "माय, हे तुळशीची होय?"

म्हातारीला शब्द कळले नाहीत. भिवाजीनं आपली माळ काढून दाखवली. तिनं पाहिलं, हसली, आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

भिवाजीची पंचाईत झाली. तो हिंदीवर आला. "माताजी, माला पहनके शराब कैसे निकालते तुम लोग?"

"छी छी," ती म्हणाली. "शराब हम नहीं निकालता. शराब तो सूरज बनाता है, बाबा. हम सूरज से पहले उतार लेता है."

मग निमाईनं समजावलं. संध्याकाळी चीर द्यायची, धुरी दिलेलं कोरडं मडकं बांधायचं, रात्रभर थंडीत थेंब थेंब गळतं, आणि सूर्य उगवायच्या आत मडकं खाली. ऊन लागलं की रस आंबून चढतो. रोजच्या रोज मडकं धुऊन धुराला धरायचं, म्हणजे कालचा आंबटपणा आजच्याला लागत नाही. आणि झाडाला दोन-तीन दिवस कापलं की दोन-तीन दिवस निजू द्यायचं.

"झाडाले सुट्टी देतात?" भिवाजीनं विचारलं.

"नहीं तो थक जाएगा," म्हातारी म्हणाली.

भिवाजीनं मिशी ओढली. "असं करू," तो शेवटी म्हणाला. "दिवस निघाल्यावर मले या धुऱ्यावर एक मडकं दिसलं नाई पाहिजे. अन् पयला घोट मी घेईन. जरासा आंबट लागला तं सगळे मडके फोडीन, मंग गुरुजी मधात पडले तरी आयकाचा नाई."

गुरुजींना वाटलं भिवाजीला मिठी मारावी. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

म्हातारीनं गाठोडं सोडलं. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक कोयता होता, चंद्रासारखा वाकडा, मूठ घामानं काळी पडलेली. गाव सोडताना कोणी देव उचलले, कोणी जमिनीचे कागद. तिनं हा उचलला होता, कारण नवरा पुढं पोराला घेऊन पळत होता आणि दारामागे हा टांगलेला दिसला. निमाईनं कोयता कपाळाला लावला, कमरेला दोर आवळला आणि तो पहिल्या झाडावर चढला. कोयत्याखाली शिंदीचे काटेरी झाप सटासट खाली येऊ लागले.

मग जे दिवस आले तसे गुरुजींच्या आयुष्यात कधी आले नव्हते. निमाई शाळेसाठी परत गेला, पण म्हातारी पांढुर्ण्यालाच राहिली. ती आणि सरलाबाई एकमेकींच्या भाषेचा एक शब्द न समजता दिवसभर बोलायच्या. एकदा गुरुजींना मोहगावच्या कुंभाराकडे मडकी आणायला पाठवलं.

"हिवाळ्यात मडके?" कुंभार म्हणाला. "थंडं पाणी पेता का गुरुजी?"

"शिंदीला बांधायची आहेत," गुरुजी खरं तेच बोलले.

दोन दिवसांत ही बातमी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर पोचली. यशवंतराव, गुरुजींचे शाळेतले जुने सोबती, चहाच्या टपरीवर त्यांना आडवे आले. "काय गुरुजी, म्हातारपणी भट्टी टाकून राहिले म्हणे. आमाले नाही बोलावलं."

एरवी गुरुजींचे कान लाल झाले असते आणि ते चहा अर्धा सोडून निघाले असते. या वेळी ते म्हणाले, "या ना. पण दिवस निघायच्या आधी या. नंतर काही शिल्लक राहत नाही."

यशवंतरावांनी दोघांच्या चहाचे पैसे देऊन टाकले. गुरुजींना आपण हे बोललो याचं इतकं नवल वाटलं, की घरी येऊन त्यांनी ते सरलाबाईंना दोनदा सांगितलं.

संक्रांत तीन दिवसांवर आली. निमाई सुट्टी घेऊन आला, संध्याकाळी चिरा दिल्या, बांबूच्या पन्हळ्या बसवल्या आणि मडकी बांधली. सगळी त्या रात्री भिवाजीच्या शेतातल्या खोलीवरच थांबली. आणि नेमकं त्याच रात्री आभाळ भरून आलं. वारा पडला, गारठा गेला, चार थेंबही पडले. मावठा. भिवाजीला संत्र्याच्या आंब्या बहाराची काळजी, निमाईला रसाची. ढगाळ उबेत रस बिघडतो.

पहाटे अंधारातच मडकी खाली आली. रस भरपूर होता. भिवाजी पेला घेऊन तयारच होता. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला, दुसरा घेतला. "गोड हाय," तो म्हणाला आणि स्वतःच चकित झाल्यासारखा दिसला. "निस्तं गोड. शहाळ्यावानी."

गुरुजींनी श्वास सोडला. निमाई चुलीकडे वळला. पण म्हातारी एकेका मडक्यावर वाकून वास घेत होती. शेवटच्या मडक्यापाशी ती थांबली. मग तिनं ते उचललं आणि धुऱ्याच्या मातीत पालथं केलं. मग दुसरं, मग तिसरं.

"माँ," निमाई म्हणाला, "परसों संक्रांती है."

"ये नहीं होगा," ती म्हणाली. "अभी मीठा. आँच पर खट्टा."

सगळी मडकी रिकामी झाली. माती ओली झाली, तिच्यावर मुंग्या आल्या. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिनंच स्वतःच्या हातानं सगळं ओतून दिलं होतं, आणि तेही ज्याला फोडायचा हक्क होता त्यानं गोड म्हटल्यावर. गुरुजींना रडू येतं की काय असं झालं. त्यांना एकच दिसत होतं. भादव्यात उत्तर दिलं असतं तर हाताशी अख्खा हिवाळा असता.

भिवाजी पेला हातात धरून म्हातारीकडे पाहत होता. "मले कळलंच नसतं," तो हळूच म्हणाला. मग पेला खाली ठेवून काठी उचलली.

"कुठं चाललास?" गुरुजींनी घाबरून विचारलं.

"देवळात. भंडाऱ्याची कढई आणतो. यायची कढई लहान पडन. आज आभाळ फाकलं तं उद्या लागन ना."

दुपारी वारा फिरला. उत्तरेकडून असा गार सुटला, की संध्याकाळी मडकी बांधताना निमाईची बोटं वळेनात. भिवाजी पाच-पाच मिनिटांनी आभाळ पाहत होता. त्या रात्री कोणाला झोप लागली असेल असं वाटत नाही. चांदण्या इतक्या स्वच्छ होत्या, की शिंदीचा एकेक काटा दिसत होता.

पहाटे मडकी उतरली तेव्हा भिवाजीनं पेला घेतलाच नाही. त्यानं मडकं म्हातारीपुढं धरलं. तिनं वास घेतला. मग दुसऱ्याचा. मग तिनं निमाईला नुसतं चुलीकडे बोट दाखवलं.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ धडधडू लागला. भंडाऱ्याच्या कढईत रस ओतला, फेस आला, सरलाबाईंनी झाऱ्यानं काढला. पाण्यासारखा रस हळूहळू मधासारखा झाला, आणि मग तो वास सुटला. भाजलेलं खोबरं, धूर आणि पावसानंतरची बाग असं काहीतरी एकत्र. गावातली माणसं एकेक करून धुऱ्यावर येऊ लागली. यशवंतरावही आले, कानटोपी घालून, दिवस निघायच्या आधी. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि निमूटपणे चुलीत पऱ्हाट्या सारू लागले.

म्हातारी पाटावर बसून कढईत पाहत होती. पाहता पाहता ती बोलू लागली आणि निमाई सांगत गेला. छावणीत आल्यावर बाबांनी गावच्या शेजाऱ्याला पत्र लिहिलं होतं. घराचं विचारलं नाही, जमिनीचं नाही. फक्त विचारलं, आमची शिंदीची झाडं उभी आहेत का? उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. पोस्टमन वसाहतीत आला की बाबा कोयता धुऊन ठेवायचे, जणू त्या दिवशीच निघायचं आहे. मरेपर्यंत उत्तर आलं नाही.

गुरुजी जाळाकडे पाहत राहिले. त्यांना आपल्या शब्दकोशातलं पत्र आठवलं. तोच प्रश्न. घर नाही, जमीन नाही.

"अब," म्हातारी एकदम म्हणाली. निमाईनं आणि भिवाजीनं दोन्हीकडून कढई उचलून खाली घेतली. तिनं लाकडी दांड्यानं कढईच्या काठाशी थोडा पाक घोटला, घोटत राहिली, आणि तो पांढुरका होऊ लागल्यावर सगळ्यात मिसळला. गूळ वाट्यांत ओतला. सूर्य वर आला तेव्हा धुऱ्यावर एकही मडकं नव्हतं. भिवाजीनं रांगेच्या टोकापर्यंत जाऊन खात्री केली होती.

परत येऊन त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "बापाले दाखवाले पायजे होतं," तो म्हणाला. मग निमाईकडे वळला. "ते बुटकं झाड मले शिकव. उंचावर मी आता चढत नाई. पण बुटक्याले मी चीर देईन. अन् दरसाल या. पोटापाण्याचं नाई, सणाचं म्हणून या."

संक्रांतीला सरलाबाईंनी त्या गुळाचे तिळाचे लाडू केले. म्हातारीनं तांदळाच्या पिठाचे पीठे केले, आत गूळ आणि खोबरं. निमाईनं कढईपाशी तिला बाजूला बसवून दुसरा घाणा स्वतः उतरवला होता आणि तिनं वास घेऊन मान डोलावली होती. त्यावरून तो दिवसभर लहान पोरासारखा मिरवत होता. भिवाजीच्या सुनेनं पीठ्यांची कृती विचारून घेतली.

निघायच्या दिवशी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडी लागली. म्हातारी डब्याच्या दारात उभी राहिली आणि गुरुजींकडे पाहून म्हणाली, "मास्टरजी, चिट्ठी का जवाब?"

गुरुजी गोंधळले. "जवाब? सब तो हो गया, माताजी. फोन भी हुआ."

"फोन तो हवा है," ती म्हणाली. गाडी हलली.

घरी येऊन गुरुजी कागद घेऊन बसले. 'पेड़ खड़े हैं' लिहिलं. मग पेन थांबलं. थोडा वेळ बसून ते उठले, कागद, पेन आणि तिकीट लावलेलं पाकीट खिशात घातलं, चपला घातल्या.

"आता कुठं?" सरलाबाईंनी विचारलं.

"बोरगावला."

"दूध उतू चाललं तरी तुम्ही असे कधी पळाले नाही. कालच तर पाहिली झाडं."

"काल पाहिली," गुरुजी म्हणाले. "या वेळी पाहून लिहितो."

सरलाबाईंनी शाल घेतली आणि त्याही निघाल्या.

धुऱ्यावर दुपारचं ऊन होतं. झाडं निजलेली, त्यांच्या सुट्टीचे दिवस. तासलेल्या जागा उन्हात पिवळ्या दिसत होत्या. बुटक्या झाडावर भिवाजीची पहिली चीर, जरा वाकडी. गुरुजी पहिल्या झाडाच्या सावलीत बसले, गुडघ्यावर कागद ठेवला आणि रांगेच्या टोकापर्यंत एकदा पाहून घेतलं. मग लिहिलं, 'पेड़ खड़े हैं. सब के सब. मालिक कहते हैं, हर साल आइए. देर के लिए क्षमा.' खाली नाव लिहिलं. पुन्हा वाचलं नाही.

सौंसरच्या बसस्टँडजवळच्या लाल पेटीपाशी बसमधून उतरून त्यांनी पाकिटावरचं तिकीट एकदा दाबून पाहिलं आणि पाकीट फटीतून आत सोडलं. आत तळाशी टप्प असा आवाज झाला.

"पडलं का?" सरलाबाईंनी विचारलं.

"पडलं," गुरुजी म्हणाले.